अमावास्येची उमेदवारी

अकरा अर्ज धाडले.
दोन परत आले, आठ कुठं मुरले कोण जाणे,
एकानं विचारलं, स्टुडिओचा अनुभव किती?
मी लिहिलं: कुपवाड एमआयडीसी, लेथ, चार वर्षं,
दोन शतांश मिलिमीटरचा फरक मला नखानं कळतो.
त्यावर उत्तर नाही.

मग आमचाच स्टोअरकीपर चहा फुंकत म्हणाला,
अगं, सांगलीत तवनाप्पांकडं एक लेथ आहे,
लोखंड कापत नाही म्हणे,
गाणं कापतो.

मार्केट यार्डात हळदीच्या गाळ्यावर माडी,
दाराला ओलं गोणपाट.
"आधी पाय पूस. मग हात. मग बोल."
हळद या गावात सगळीकडं शिरते,
चोपडीत, पापणीत, नोटांच्या घडीत.
थाळीच्या खाचेत शिरली
की गाणाऱ्याला जन्माचा खोकला.

तवनाप्पा चौगुले, ऐंशीला टेकलेले,
एक डोळा मोतीबिंदूचा,
दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या नावावर.
पगार?
"हितं पगार न्हाई."
शिकवाल?
"बघू."
कधी येऊ?
"अमावास्येला."

मला वाटलं, म्हातारा लिंबू-बिंबू कापतो की काय.
पण खाली रोज पोती पडतात,
हमालानं खांदा मोकळा केला
की वर माणकाची सुई दचकते.
यार्ड गप्प असतं ते अमावास्येला,
वर्षाला बारा दिवस, अधिक महिना आला तर तेरा.
एवढीच माझी उमेदवारी.

कंपनीत रजेच्या अर्जावर कारण लिहिलं:
धार्मिक.

पहिल्या अमावास्येला फडकं आणि ब्रश.
दुसरीला नुसतं ऐकणं.
"श ऐक. बाई 'शेवटी' म्हणते, तिथं सुई रस्ता सोडती बघ.
थाळीच्या कडेला चालून जातं.
आत, मधल्या कागदाजवळ, जागा आकसती,
तिथं शकाराला पाय ठेवायला न्हाई."
त्या दिवसापासून
आई "शिळं संपव, शेगडी विझव" म्हणाली
की मी मनातल्या मनात
तीन डेसिबल उतरवते.

दिवाळीची अमावास्या वायाच गेली.
खाली चोपड्यांची पूजा, वर लक्ष्मीबाराचा धूर,
आम्ही दोघं यंत्रावर चादर धरून बसलो
लहान पोर झोपवल्यासारखं.

चौथीला कीस.
माझ्या लेथचा कीस निळा, कुरळा, बोट कापणारा,
झाडून भंगारात.
इथला केसासारखा काळा, सुईमागून निघतो न निघतो
तोच नळी त्याला ओढून पाण्याच्या बाटलीत नेते.
"ठिणगी पडली तर माडी जाईल," ते म्हणाले,
आणि एक बट माझ्या तळहातावर ठेवली.
वजनच लागेना.
कंपनीत मी उरलेला तुकडा मोजून पाठवते,
निघालेल्याचा हिशेब कुणी मागत नाही.
इथंही निघालेलं बाटलीतच,
पण ऐकू येतं ते
त्याच्या जाण्याच्या आकाराचं.

पाचवीला त्यांना ताप होता.
मी गोणपाट भिजवून परत आले.

सहावीला म्हणाले, "काप."
काय कापू?
"काही न्हाई. कोरी खाच. अठरा मिनिटं."
बाद झालेली थाळी, तरी आरशासारखी,
तिच्यात माझं नाक.
सुई तापली. डोकं उतरवलं.
मी श्वास असा घेतला
की तो कुणाकडून तरी उसना आणलाय.
काळा केस निघत राहिला, तुटला नाही.

मग वाजवली.
शांतता. थोडी घरघर, "ती माझी," ते म्हणाले, "मोटरची."
पुन्हा शांतता.
अकराव्या मिनिटाला
ठक.

खाली यार्डात कुत्रंसुद्धा नव्हतं.
त्यांनी तो चांगला डोळा माझ्याकडं वळवला.
मी खाली बघितलं,
माझा उजवा गुडघा,
चार वर्षं लेथसमोर उभा राहिलेला.

त्यांनी वही ओढली, पेन्सिलीला थुंकी लावली:
सहावी. कोरी खाच. खोली सारखी.
एक गुडघा.
आणि वही मिटता मिटता,
"पुढच्या खेपेला स्टूल घे."